चारची कूस

थर्मामीटर दुरुस्त करून घ्यायला म्हणून मी त्या दुकानात शिरले आणि बाहेर धो धो पाऊस सुरू झाला.

वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करणारं दुकान. नाव मोठं, जागा मात्र जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढीच. त्यातली एक जागा आधीच भरलेली होती. उंच, सडपातळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... आणि छातीशी एक राखाडी डबा असा धरलेला, की त्या डब्यालाच सर्दी होईल की काय!

"चार दिवस?" तो दुकानदाराला विचारत होता. "काका, या पंपावर हवेची गादी चालते. त्या गादीवर एक बाई झोपतात. त्यांना काय सांगू — चार दिवस तरंगत राहा?"

"कारागीर गावाला गेलाय," दुकानदार म्हणाला. "मी नुसता वस्तू घेतो आणि देतो."

मला तो पंप ओळखीचा होता. माझ्या कामात असे शेकड्याने बघितलेत.

"मागची जाळी काढून बघितलीत?" मी विचारलं.

तो वळला. भिजलेले केस कपाळावर आलेले, आणि डोळे असे, की माणूस तीन दिवस झोपलेला नाही आणि तरी कशाला तरी हसायला तयार आहे.

"जाळी? याला जाळी असते?"

"असते. आणि ती नव्वद टक्के वेळा तुंबलेली असते. स्क्रू काढायला काहीतरी द्या."

त्याने खिशातून नेलकटर काढलं.

"नेलकटर घेऊन फिरता?"

"तीस जणांची नखं कापतो," तो म्हणाला. "स्वतःची कापायची तेवढी राहतात."

आम्ही दोघं दुकानाच्या फळीवर वाकलो. जाळीतून धुळीचा आणि लोकरीचा असा गोळा निघाला, की मांजराचं पिल्लू वाटावं. त्याने जाळी फुंकली, मी परत बसवली, दुकानदाराने वायर लावून दिली — आणि पंप गुरगुरू लागला. त्याने तो कानाशी धरला. चेहरा असा उजळला, की मला उगीचच दुसरीकडे बघावं लागलं.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही."

"इंजिनियर?"

"अंहं. सरकारी नोकरी. कागद इकडचे तिकडे." आमच्या कामात उगाच कुठे ओळख सांगायची नसते.

"मी नर्स आहे. वृद्धांच्या निवासात. सगळे ब्रदर म्हणतात."

"बरं, ब्रदर—"

"तुम्ही..." तो पंपाकडे बघत म्हणाला, "तुम्ही तसं म्हणायलाच हवं असं काही नाही." कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या.

पंप सुरू झाला तेव्हा पावणेचार वाजले होते. तो निघू शकला असता. पण मीच म्हटलं, "थोडा वेळ चालवून बघा, परत बंद पडला तर?" आणि मग आम्ही त्या गुरगुरणाऱ्या डब्याच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत राहिलो. कशाबद्दल, ते धड आठवत नाही. एका आजोबांबद्दल, जे आयुष्यभर बस चालवून आता जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं फिरवतात. त्याच्या बहिणीबद्दल, जी त्याला फोनवर फक्त रागवते. माझ्या आईबद्दल, जी मला फोनवर फक्त स्थळं सांगते.

"मग? एखादं पसंत पडलं?"

"एकालाही जाळी साफ करता येत नाही."

तो हसला... आणि हसता हसता त्याची नजर घड्याळावर गेली.

"बाप रे, साडेचार!"

पंप शर्टाच्या आत कोंबून तो तसाच पावसात पळाला. ना नाव, ना पत्ता. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं काय काम होतं?" मला क्षणभर आठवेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी नेहमीसारखा एक बंद लिफाफा हातात दिला. आमच्या खात्यात आम्ही तिघं निरीक्षक. वृद्धनिवासांमध्ये न कळवता जायचं आणि सगळं बघायचं: स्वच्छता, औषधं, जेवण, माणसांची निगा. कुठे जायचं ते त्याच सकाळी कळतं. त्या दिवशीच्या कागदावर एका रस्त्याच्या टोकाच्या दुमजली इमारतीचा पत्ता होता. राहणारे तीस.

अशा जागी शिरलं की मी आधी नाकाने बघते. फिनेल, धुतलेल्या चादरी, थोडी औषधं. बाकी काही नाही. चांगलं लक्षण. मेट्रनबाई धावतपळत आल्या. ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं एका श्वासात. त्यांच्या मागून मी मोठ्या खोलीत गेले आणि तिथे खिडकीपाशी, एका आजोबांना चमच्याने भरवत, तो बसला होता.

मला बघून तो हसला. अगदी कालच्यासारखं. मग त्याची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आली, आणि ते हसू दिवा मालवावा तसं गेलं.

"हे आमचे वॉर्ड इनचार्ज," मेट्रनबाई म्हणाल्या. "ब्रदर, मॅडमना सगळं दाखवा."

"दाखवतो," तो म्हणाला. "मॅडम, या."

मॅडम! काल नुसतं 'तुम्ही' होतं.

तरी काम सुरू झालं तसा तो हळूहळू सैलावला. न्हाणीघरात मी नळाखाली थर्मामीटर धरला.

"त्रेचाळीस अंश," मी म्हटलं. "बरोबर आहे."

"तुमचा थर्मामीटर दुरुस्त झाला तर."

"नाही, हा ऑफिसचा दुसरा आहे."

"म्हणजे पहिला अजून दुकानातच?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "परत जावं लागेल मग."

मी वहीत मान घातली. पुढच्या खोलीत पलंगाशेजारची घंटा दाबली. माणूस तीन मिनिटांत यायला हवा.

"आलो," तो माझ्या शेजारूनच म्हणाला.

"तुम्ही इथेच होतात."

"मग शून्य मिनिटं लिहा."

मेट्रनबाई मोठ्याने खोकल्या.

पण मी खरंच बघत होते. ज्यांची उजवी बाजू लुळी होती, त्यांचा पाण्याचा पेला डावीकडे ठेवलेला. ज्यांना दिसत नाही, त्यांच्या पलंगाच्या कठड्याला जाड दोरी गुंडाळलेली, म्हणजे स्पर्शाने आपली जागा कळावी. हे कुठल्याच नियमात नाही. कोणीतरी एकेका माणसाचा विचार करून केलेलं होतं, आणि कोणी, ते विचारायची गरज नव्हती. तो प्रत्येकाशी बोलताना गुडघ्यावर बसायचा. वरून बोलत नव्हता.

शेवटची खोली मास्तरीणबाईंची. एक्याऐंशी वय, अंगाने काडी, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. कमरेपासून खाली हालचाल नाही. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर एकाच जागी भार पडून कातडी मरते आणि जखम होते. हवेची गादी तेवढ्यासाठीच. पलंगाखाली तो राखाडी पंप गुरगुरत होता.

"तीन दिवस बंद होता, कालच सुरू झाला," मेट्रनबाई अभिमानाने म्हणाल्या. तो आणि मी, दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं.

पलंगाच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला होता. किती वाजता कूस बदलली, कोणी बदलली, सही. माझ्या घड्याळात सकाळचे अकरा वीस झाले होते. तक्त्यावर बाराची सही होती. दोनची होती. चारची होती. सहाचीसुद्धा.

मी तो तक्ता मेट्रनबाईंपुढे धरला.

"अगंबाई," त्या गडबडल्या, "हा... हा कालचा असेल, तारीख चुकून—"

"नाही, मेट्रनबाई," तो शांतपणे म्हणाला. "आजचाच आहे. सह्या माझ्या आहेत. गेला महिनाभर सकाळीच सगळ्या करून टाकतो. दिवसाला आम्ही दोघंच असतो, माणसं तीस. लिहीत बसलो तर हात कमी पडतात. पण कूस बदलायची मात्र मी चुकवत नाही. म्हणजे..."

तो थांबला. कारण मी कालचं पान उलटलं होतं.

काल, चार वाजता. त्याची सही.

काल चार वाजता तो माझ्यासमोर उभा होता. मी त्याला स्थळांबद्दल सांगत होते.

विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण विचारावं लागतं.

"काल चारला यांची कूस कोणी बदलली?"

"कोणीच नाही," तो म्हणाला. "माझ्याबरोबरच्या मावशींना सांगून गेलो होतो, त्यांना जमलं नाही. पाचला मी आलो, आल्याबरोबर बदलली."

मी मास्तरीणबाईंच्या पायावरची चादर बाजूला केली. डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग होता. त्यावर बोट दाबून उचललं. निरोगी कातडी दाबली की क्षणभर पांढरी पडते. ही लालच राहिली. जखमेची ती पहिली पायरी असते.

"दुखतंय का, बाई?"

"दुखण्याचं राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुझं बोट फार गार आहे."

जिन्यापाशी आम्ही दोघंच होतो तेव्हा त्याने विचारलं, "काल तुम्हाला माहीत होतं? इथे येणार ते?"

"नाही. लिफाफा आज सकाळी मिळाला. आणि तुमचं निवास कोणतं, ते तुम्ही सांगितलंच नव्हतं."

त्याने मान हलवली. पटलं असावं.

"लिहा," तो म्हणाला. "सगळं लिहा. आणखी दोन माणसं द्या म्हणून आम्ही वर्षभर मागतोय. तुम्ही लिहिलंत तर कदाचित मिळतील." मग म्हणाला, "माझंही लिहा. ती टाच मी बघितली आज सकाळी. तेव्हापासून घास उतरलेला नाही."

त्या संध्याकाळी मी घरी जेवायला बसले आणि नुसती बसूनच राहिले.

"काय गं?" आईने विचारलं. "कुठल्या निवासाला कुलूप लावून आलीस?"

"लावलेलं नाही. पण एका चांगल्या माणसाविरुद्ध लिहावं लागणार आहे."

"चुकलाय का तो?"

"हो."

"मग लिही. खोटं लिहिलंस तर तुलाच झोप लागायची नाही." तिने माझ्या ताटात वाढलं, आणि हात तसाच ठेवून माझं तोंड न्याहाळलं. "चांगला म्हणजे... कितपत चांगला?"

"आई!"

"विचारलं नुसतं."

सकाळी मी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणजे निवृत्तीला आलेला माणूस, चष्म्यावरून बघायची सवय. त्यांनी सगळं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ कशाला? 'सदर कर्मचारी चार वाजता दुकानात होता, हे मी स्वतः पाहिले; त्यास मीच थांबवले होते.' आगाऊ सह्या सापडल्या, तेवढं पुरे की."

"साहेब, तो तिथे थांबला कारण मी त्याला थांबवलं. पंप सुरू झाला होता. मीच म्हटलं, अजून थोडा वेळ चालवून बघा."

"पंप परत बंद पडेल असं वाटलं तुला?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

साहेबांनी चष्मा काढला.

"ही फाइल दुसऱ्या कोणाला द्या," मी म्हटलं. "फेरतपासणीला मी नको."

"कारण लेखी लागेल."

मी खुर्चीवर बसून अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, घडी घातली आणि फाइलीत लावला. "फाइल बंद होईपर्यंत तिकडे पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले. "फोनसुद्धा नाही." आणि मी दारापर्यंत गेल्यावर: "सहा आठवडे म्हणजे काही फार नसतात."

फार असतात! निवासाला सहा आठवड्यांची मुदत मिळाली. तोवर राहायला नवीन कोणाला घ्यायचं नाही, दिवसपाळीला आणखी दोन कर्मचारी नेमायचे, नोंदी वेळच्या वेळी. त्याचं इनचार्जपद महिनाभर काढून घेतलं आणि नोंदींच्या प्रशिक्षणाला पाठवलं, हे मला ऑफिसातल्या बोलण्यातूनच कळलं. मी इतर निवासांच्या तपासण्या करत राहिले. कुठेही पेला डावीकडे दिसला की माझी लेखणी अडखळायची.

तिसऱ्या आठवड्यात एकदा, रिमझिम पावसात, मी बसथांब्यावर उभी होते. रस्त्यापलीकडे तो होता, हातात प्रशिक्षणाच्या वह्या. आम्ही एकमेकांना बघितलं. तो एक पाऊल पुढे आला... आणि थांबला. नियम त्यालाही कोणीतरी सांगितला असणार. मग त्याने हात वर करून तीन बोटं दाखवली. तीन आठवडे उरले!

मीही तीन बोटं दाखवली. माझ्या शेजारच्या बाईंना वाटलं मी तीन नंबरची बस विचारतेय. त्या म्हणाल्या, "ती इथे थांबत नाही हो."

फेरतपासणी माझ्या सहकारी बाईंनी केली. सगळं ठीक, टाच बरी झालेली, फाइल बंद. साहेबांनी शुक्रवारी मला ते सांगितलं, आणि मी रविवारी दुपारी तिथे गेले. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. त्याशिवाय त्या दारातून आत जाताना फार उघडंबोडकं वाटलं.

आत शिरल्याशिरल्या भिंतीवर माझाच अहवाल लावलेला होता. तसा नियमच आहे, नातेवाइकांना वाचता यावा म्हणून. पण या प्रतीवर लाल पेन्सिलने खुणा होत्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं, एक स्वल्पविराम टाकलेला. आणि खाली एका शब्दाभोवती मोठं वर्तुळ.

"मास्तरीणबाईंनी मागून घेतला वाचायला," मागून आवाज आला. तो. पांढरा गणवेश, बाह्या तशाच दुमडलेल्या. "दोन तास लागले. चला, त्या तुमची वाट बघताहेत."

"माझी?"

"हो. आधी त्यांचं," तो म्हणाला. "माझं नंतर."

मास्तरीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघताच म्हणाल्या, "अक्षर बरं असेल, पण शुद्धलेखन यथातथाच. आणि एक शब्द साफ चूक. 'दुर्लक्ष.' दुर्लक्ष झालं नाही. उशीर झाला."

"बाई, नियमात दोन्ही एकच धरतात."

"नियमात धरत असतील," त्या म्हणाल्या. "मी दुर्लक्ष बघितलंय, इथे यायच्या आधी, माझ्या स्वतःच्या घरात. दोन्हीतला फरक टाचेला कळतो."

त्यांनी माझा हात ओढून घेतला, चाचपला. "आज गरम आहे," म्हणाल्या. "जा आता. तो बाहेर येरझाऱ्या घालतोय, फरशी झिजेल."

तो व्हरांड्यात होता. वाळत घातलेल्या चादरी पावसाच्या भीतीने आत ओढून घेतलेल्या, त्या आम्हा दोघांच्या मधे. तो एकेक घडी घालत होता. मी दुसरं टोक धरलं.

"एक सांगायचंय," तो चादरीकडे बघत म्हणाला. "तुम्ही अहवालात लिहिलंत की तुम्ही मला थांबवलं. मेट्रनबाईंनी वाचून दाखवलं. ते खरं नाही."

"खरं आहे."

"पंप सुरू झाला, मी घड्याळ बघितलं. पावणेचार. आता निघायला हवं, हे मला कळत होतं. आणि तुम्ही म्हणालात अजून थोडा वेळ... मला वाटलं, देवा, बरं झालं." त्याने घडी चुकवली, परत उलगडली. "सहा आठवडे रोज विचार केला. लाज वाटते. वाटायलाच हवी. आता रोज चार वाजता मी कुठेही असलो तरी मनाने इथेच असतो. पण तुम्ही भेटलात त्याचं वाईट वाटावं म्हणून फार प्रयत्न केला... नाही वाटत. मला तुम्ही आवडता. फार. हे सांगायला मी योग्य माणूस आहे का, ते मला माहीत नाही."

बाहेर सर येऊन पत्र्यावर वाजू लागली.

"तुम्ही आत्ता बोलताय," मी म्हटलं. "माझं तर केव्हाच लेखी झालंय."

"म्हणजे?"

"फाइल सोडायला कारण द्यावं लागतं. मी अर्जात लिहिलं, 'सदर कर्मचारी मला आवडतो, त्यामुळे मी निष्पक्ष राहू शकत नाही.'"

"असंच? सरकारी कागदावर?"

"आवक क्रमांक पडलाय त्यावर."

तो हसायला लागला. तेच दुकानातलं हसू, फक्त आता डोळे भरलेले. आम्ही चादर घडी घालत जवळ आलो. दोन टोकं जुळली, चार हात जुळले, आणि कोणीच सोडले नाहीत. खोलीतून मास्तरीणबाईंचा खणखणीत आवाज आला, "किती वेळ लागतो एका चादरीला?"

तो आत पळाला, मी हसत हसत चप्पल शोधली. फाटकापर्यंत पोचते तोच मागून पावलं वाजली.

"ऐक ना," तो धापा टाकत म्हणाला. भर पावसात, डोक्यावर काही न घेता. "पुन्हा कधी येशील?"

ऐक ना! येशील! मॅडम गेलं, तुम्ही गेलं, वाटेत कुठे गळून पडलं त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. मला मात्र कळलं. अगदी टाचेपर्यंत कळलं.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "न कळवता येईन. तू आपला रोज तयार राहा."